वजा दहा

१

जुनी इमारत मोजायला दोन माणसं लागतात. एकाने टेपचं टोक भिंतीशी धरायचं. दुसऱ्याने रीळ उलगडत समोरच्या भिंतीपर्यंत जायचं, टेप ताणायची, आकडा वाचायचा आणि 'सोड' म्हणायचं. 'सोड' ऐकल्याशिवाय पहिल्याने हात काढायचा नाही. ताणलेली पोलादी टेप मध्येच सुटली तर चाबकासारखी परत येते. ऊर्मिलाच्या डाव्या मनगटावर तशी एक पांढरी रेघ होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली. त्यानंतर श्रीधरने 'सोड' ऐकण्याआधी टेप कधीही सोडली नाही.

ऊर्मिला पुण्यात आर्किटेक्ट झाली आणि पुढचं सगळं आयुष्य तिने जर्मनीत जुन्या इमारती मोजण्यात घालवलं. त्यातही सीमेच्या अलीकडची-पलीकडची, जुन्या फ्रेंच खेड्यांतली चर्चं हा तिचा खास विषय. श्रीधर कायझर्सलाउटर्नजवळच्या एका पंपांच्या कारखान्यात मेकॅनिकल इंजिनियर. आठवडाभर तो मायक्रॉनच्या हिशेबात असायचा आणि शनिवारी बायकोबरोबर कुठल्यातरी गार चर्चमध्ये टेपचं टोक धरून उभा राहायचा. "सोमवार ते शुक्रवार मी मॅनेजर, शनिवारी मी शून्य," असं तो घरी आलेल्या पाहुण्यांना सांगायचा.

टेपच्या टोकाची कडी एकदा फ्रान्सच्या लोरेन भागातल्या एका घंटाघरात परांचीवरून पडून वाकली होती. तेव्हापासून तो कडी न धरता दहा सेंटिमीटरच्या रेघेवर अंगठ्याचं नख टेकवायचा. ते नख कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मधोमध दुभंगलं होतं आणि पुन्हा कधी नीट आलं नव्हतं. त्याने दहावर धरायचं आणि तिने वाचताना दहा वजा करायचे. नवीन टेप घेऊ, असं ती कितीदा म्हणाली. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "वजा दहा करायला काय जातं गं तुझं?" पुढे पुढे ती वजाबाकी मनातही येईनाशी झाली. डोळा आकडा वाचायचा आणि हात दहा कमी लिहायचा.

फेब्रुवारीत तो गेला. कारखान्याच्या पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडं असताना.

उन्हाळ्यात तिने टेपची कडी बदलून आणली. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. कदाचित आता दुसऱ्या कुणाला तरी धरावी लागेल, म्हणून.

२

ते दुसरं कुणी म्हणजे सासूबाई निघाल्या.

मनोरमाबाई ऑगस्टमध्ये सांगलीहून आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सुनेला सोबत, असं त्या सगळ्यांना सांगत. पण आल्या दिवशीच त्यांनी श्रीधरचं कपाट उघडलं आणि त्याच्या हिवाळी कोटांच्या बाह्यांवरून एकेक करून हात फिरवला, तेव्हा ऊर्मिला काय ते समजली होती. नात अन्वी हॅम्बर्गला नोकरीला होती. फोनवर आजीने मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, आणि ऊर्मिलाने मध्ये बसून दोघींना सांभाळायचं.

ऑक्टोबरमध्ये होल्त्सवायलरच्या चर्चचं काम आलं. ऊर्मिला आढेवेढे घेत होती. मदतीला कुणी नाही, असं तिने म्हणताच सासूबाई म्हणाल्या, "श्रीला न्यायचीस ना? मग मला ने. टोक धरून उभं राहायला काही इंजिनियर नको." आणि वाटेत गाडीत, काम समजून घेताना, त्यांनी टोमणाही मारून घेतला. "म्हणजे सगळ्या गावासमोर नवऱ्याला 'धर' आणि 'सोड' म्हणायचीस होय तू? आम्ही नाव घ्यायलाही लाजायचो."

होल्त्सवायलर म्हणजे सीमेजवळच्या द्राक्षमळ्यांच्या उतारावरचं लहानसं गाव. उन्हाळ्यातल्या फुटबॉलच्या विश्वचषकाचे झेंडे अजून काही खिडक्यांत लोंबत होते, उन्हापावसाने विटलेले. चर्च गावाच्या वरच्या टोकाला, लाल दगडाचं. ते बांधलं तेव्हा ही जमीन फ्रान्सच्या राजाची होती, आणि ते चर्चच्या अंगावर दिसत होतं. दारावरच बसका मनोरा, त्याच्या पोटातून आत शिरायचं. आत एकच लांब दालन आणि त्याला पुढे जोडलेला अरुंद वेदीचा भाग. दारावर फ्रेंच राजाचं चिन्ह म्हणून दगडी लिलीची फुलं होती. राज्यक्रांतीत कुणीतरी ती छिन्नीने तासून काढली होती, पण तिरप्या उन्हात त्यांची जागा अजून ओळखू यायची.

पण चर्चमध्ये शिरल्यावर वेदी दिसतच नव्हती. मध्ये जमिनीपासून छतापर्यंत भिंत होती.

ऊर्मिलाने सासूबाईंना समजावलं की इथे प्रोटेस्टंटांची वस्ती होती, राजा कॅथलिक. गावात सातच कॅथलिक कुटुंबं असली तरी चर्चचा वेदीकडचा भाग त्यांना द्यायचा, असा हुकूम निघाला. मग दोन पंथांनी मध्ये भिंत घातली आणि दोन वेगळी दारं केली. आता दोन्हीकडे मिळून रविवारी मूठभर माणसं जमतात, तेव्हा भिंत पाडून पुन्हा एकच चर्च करायचं ठरलंय. पाडण्याआधी सगळ्याचं अचूक मोजमाप हवं.

"म्हणजे गाभारा त्यांचा आणि सभामंडप यांचा," मनोरमाबाई म्हणाल्या. भिंतीकडे मान वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "भावाभावांनी वाटण्या करून घालावी तशी घातलीय."

किल्ल्या फ्राऊ वेंडल नावाच्या बाईंकडे होत्या. पूर्वी दोन बाजूंच्या किल्ल्या एका हातात कधी पडल्या नसत्या, असं त्या हसत म्हणाल्या. आता सांभाळायला दुसरं उरलंय कोण. जाताना त्यांनी भिंतीतलं एक भोक दाखवलं. छातीच्या उंचीवर, हाताची मूठ जाईल एवढं, आरपार. त्यातून पूर्वी एक दोरी असायची. एका बाजूची प्रार्थना आटोपली की दोरी एकदा ओढायची, म्हणजे दुसऱ्या बाजूने सुरू करायचं. रस्त्यात एकमेकांना ओळख न देणाऱ्या माणसांनी दोरीचा नेम मात्र पिढ्यान् पिढ्या पाळला. युद्धात कधीतरी ती गेली. भोकाची कड विहिरीच्या काठासारखी झिजून गुळगुळीत झाली होती.

३

सभामंडपाचं मोजमाप दुपारपर्यंत झालं. मनोरमाबाईंनी कडी भिंतीला अशी दाबून धरली, जणू भिंत पळून जाणार होती. आकडे चोख आले.

राहिली होती चर्चची पूर्ण लांबी, भिंतीपलीकडच्या टोकापासून भिंतीअलीकडच्या टोकापर्यंत. तिला ते भोक आयतंच होतं. ऊर्मिला इकडून टेप आत सरकवणार. सासूबाईंनी बाहेरून वळसा घालून गाभाऱ्यात जायचं, टोक घ्यायचं आणि पार मागच्या भिंतीला लावायचं. त्या किल्ली घेऊन निघाल्या. दफनभूमीतल्या पायवाटेवरून त्यांच्या काठीचा आवाज लांब जात राहिला.

ऊर्मिलाने टेप भोकात सरकवली आणि वाट पाहिली. चर्चमध्ये ओल्या दगडाचा आणि जुन्या मेणाचा वास होता. भोकातून निळसर उजेड येत होता, पलीकडच्या रंगीत काचांचा.

मग टेप चालू लागली. रिळावरून सावकाश, एकसारखी. आई आज चांगल्या पटपट चालतायत, एवढंच तिच्या मनात आलं. मग रीळ थांबलं, टेप ताणली गेली आणि तशीच राहिली. तिने मागे दारापर्यंत जाऊन आकडा वाचला, लिहिला. दोन्ही कोपऱ्यांत जाऊन, तिरप्या रेषांसाठी, आणखी दोनदा वाचला. आणि सवयीने "सोड" म्हणून हाक दिली.

मग तिने जीभ चावली. सासूबाईंना अरे-तुरे. पण टेप सुटली होती आणि आज्ञाधारकपणे परत येत होती.

मनोरमाबाई बऱ्याच वेळाने आल्या, गुडघा चोळत. 'सोड'बद्दल काही बोलल्या नाहीत. कानाने कमीच ऐकू येतं त्यांना, असं ऊर्मिलाने गृहीत धरलं, आणि बरंच झालं म्हणाली.

४

घरी नकाशा काढायला बसल्यावर आकडे जुळेनात.

सभामंडप बरोबर होता. गाभारा तिने आतून निराळा मोजला होता, तोही बरोबर. भिंतीची जाडी भोकात काठी घालून मोजली होती. तिन्हींची बेरीज केली की एक उत्तर यायचं. भोकातून घेतलेली पूर्ण लांबी त्याहून दहा सेंटिमीटर जास्त. तिरप्या रेषाही दहाने जास्त. भोकातून गेलेलं प्रत्येक माप तेवढंच जास्त, कमी नाही की अधिक नाही.

तिने कारणं शोधली. टेपला झोळ पडला असेल. पण झोळाची चूक दर मापाला वेगळी येते. गाभारा जरा वाकडा असेल. या फ्रेंच चर्चांमध्ये ते नेहमीचंच, कारण गाभाऱ्याची डागडुजी दशांश कर गोळा करणाऱ्याने करायची आणि सभामंडपाची गावकऱ्यांनी, असा तिकडचा जुना नियम. दोन मालक, दोन गवंडी, त्यामुळे दोन भाग कधी सरळ रेषेत येत नाहीत. पण वाकडेपणाने तिरप्या दोन रेषा सारख्याच वाढणार नाहीत. कडीत दोष असेल म्हणावं, तर कडी नवी होती आणि त्याच टेपने बाकीची मापं अचूक आली होती. अन्वीला फोनवर सांगितलं तर ती जर्मनमध्ये म्हणाली, "लेझर वापर ना, मम्मा. त्याला धरायला कुणी लागत नाही." आणि ऊर्मिलाला त्या वाक्याचं उगाच वाईट वाटलं.

इमारतीच्या मजबुतीचं काम पाहणारे हेर, म्हणजे श्रीयुत, लोरेन्त्स यांना तिने जुळत नसलेले आकडे कळवले, तेव्हा ते गंभीर झाले. गाभारा खरंच दहा सेंटिमीटर मागे सरकला असेल तर मधल्या भिंतीला हात लावता येणार नाही, म्हणाले. तडे मोजायला पट्ट्या बसवायच्या आणि दोन हिवाळे थांबायचं. पुढच्या आठवड्याअखेर त्यांना पक्का आकडा हवा होता. त्यावर सगळं ठरणार होतं.

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की भिंत राहील या विचाराने तिला बरं वाटलंय. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

ती पुन्हा आकड्यांकडे वळली. थकलेल्या डोळ्यांनी पूर्ण लांबीचा आकडा वाचला, आणि हात नेहमीसारखा आपणहून चालला. त्याने खाली दहा कमी करून लिहिलं.

सगळं जुळलं.

५

मनोरमाबाई स्वयंपाकघरात सुक्या खोबऱ्याची चटणी कुटत होत्या. परत जायच्या आधी सुनेचा फ्रीज भरून ठेवायचा त्यांनी चंग बांधला होता.

गाभाऱ्यात टेप कशी धरली होती, असं ऊर्मिलाने सहज विचारल्यासारखं विचारलं. बत्ता थांबला.

"मी कुठे धरली?" त्या म्हणाल्या. "मी जाईपर्यंत तू लावलीच होतीस की."

मग हळूहळू उलगडा झाला. किल्ली आधी लागेना, मग दार हलेना. त्या आत गेल्या तेव्हा टेप भोकातून निघून थेट वेदीच्या मागे गेलेली, तारेसारखी ताठ. मागच्या कोपऱ्यात अंधार होता. तिथे टोक अडकवायला काही आकडा-बिकडा असेल, ही तुम्हा लोकांची काहीतरी युक्ती असेल, असं त्यांना वाटलं. विचारलं असतं तर सून म्हणाली असती, आईंना एवढंही कळत नाही. म्हणून त्या बाकावर बसून राहिल्या. थोड्या वेळाने टेप आपोआप गेली.

"कोपऱ्यात जाऊन नाही पाहिलंत?"

मनोरमाबाई चटणी चाखून बघत होत्या. मीठ कमी होतं बहुतेक. त्यांनी चिमूटभर टाकलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "जावंसं वाटलं नाही. आणि उठून बाहेर यावं असंही वाटलं नाही. बरं वाटत होतं तिथे बसून."

६

पुढचे काही दिवस ऊर्मिला दुपारी एकटीच जात राहिली. घरी सांगायची, ऑफिसचं काम आहे.

पहिल्या दिवशी तिने अन्वीचं ऐकलं. लेझरने दोन्ही भाग पुन्हा मोजले. आकडे तेच, दहा कुठेच नाहीत. मग गाभाऱ्याला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली कोटाच्या खिशात ठेवली, सभामंडपात येऊन टेप भोकात सरकवली आणि स्वतःलाच हसली. शिकलेलं माणूस आपण.

टेप घेतली गेली.

ती ओढ तिला माहीत होती. काही माणसं टेपला हिसका देतात, काही लोंबकळतात. श्रीधर आधी ढिलाई काढून घ्यायचा आणि मग आपलं वजन थोडं मागे द्यायचा, खुर्चीत टेकावं तसं. रिळाच्या मुठीतून ते वजन तिच्या हातात आलं. तिने आकडा वाचला, दहा जास्त. "सोड" म्हणायला तिला त्या दिवशी थोडा वेळ लागला. दुसऱ्या दिवशी जास्त लागला. तिसऱ्या दिवशी ती मूठ धरून बाकावर बसून राहिली, उन्हाची तिरीप एका खांबावरून दुसऱ्यावर गेली तरी. बोलली काही नाही. ते दोघं मोजताना तसेही फारसं बोलत नसत.

मनाशी तिने ठरवूनच टाकलं होतं. आकडा आहे तसाच द्यायचा. मोजलंय तसंच दिलं तर त्यात खोटं काही नाही. भिंत दोन हिवाळे राहील.

एक गोष्ट मात्र तिने आधी मनावर घेतली नव्हती. रिळावरून टेप रोज थोडी कमी जात होती. धरणारा मागच्या भिंतीशी राहिला नव्हता. तो वेदीपर्यंत आला, मग पायऱ्यांपर्यंत. शेवटच्या दुपारी टेप भोकात जेमतेम गेली आणि तिथेच पकडली गेली. तिने वाचलं. भिंतीची जाडी, आणि वर दहा.

ती ओणवी होऊन भोकात पाहू लागली. निळा उजेड नव्हता. पलीकडून भोक कशाने तरी झाकलेलं होतं. मग ते किंचित हललं, उजेडाची एक चीर आत आली, आणि टेपच्या कडेवर, दहाच्या रेघेवर टेकलेलं नख दिसलं. मधोमध दुभंगलेलं. दगडाच्या धुळीने पांढरं झालेलं. ते थरथरत होतं.

ती मागे सरली ती थेट समोरच्या बाकावर आदळली. "सोड" तिने म्हटलं की नाही, ते तिला आठवलं नाही. टेप जमिनीवर पडलेली होती.

घरी येऊन तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. कडी, दहा, रोजच्या दुपारी, हेर लोरेन्त्सना द्यायचा आकडा. त्या रडल्या नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, "उभाच असतो का गं तो?"

"उभाच असणार, आई."

"मग हात भरून येत असेल त्याचा," मनोरमाबाई म्हणाल्या.

थरथरणारं नख ऊर्मिलाच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याच संध्याकाळी ती टेबलाशी बसली. भोकातून घेतलेल्या सगळ्या मापांतून तिने दहा वजा केले, एकेक करून, या वेळी मुद्दाम, लक्ष देऊन. नकाशा हेर लोरेन्त्सना पाठवला. सकाळी त्यांचं उत्तर आलं: गाभारा जागच्या जागी आहे, भिंत काढायला हरकत नाही, सोमवारपासून परांची बांधतील.

७

शनिवारी दोघी किल्ल्या परत द्यायला गेल्या.

दफनभूमीत गावकरी थडगी साफ करत होते. मृतांचा सण जवळ आला होता आणि प्रत्येक दगडाशी तांबड्या काचेचा दिवा मांडला जात होता. फ्राऊ वेंडलही आपल्या नवऱ्याच्या थडग्याशी गुडघ्यावर बसून शेवाळ खरवडत होत्या. किल्ल्यांची घाई नाही, निवांत या, म्हणाल्या.

सभामंडपातले बाक आधीच एका कडेला रचून ठेवले होते. मनोरमाबाई भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. ऊर्मिलाने टेप काढली. तिने टोक भोकात सरकवलं.

ते लगेच घेतलं गेलं, मागच्यासारखंच, भिंतीच्या पलीकडच्या अंगाला.

मनोरमाबाईंनी दोन बोटं टेपवर ठेवली, नाडी बघतात तशी. त्यांचे ओठ हलत होते.

"जेवलास का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

टेप त्यांच्या बोटांखाली थरथरली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि थोड्या वेळाने बोटं काढून घेतली. सुनेकडे न बघता त्या दोन पावलं मागे झाल्या.

ऊर्मिलाने आकडा मोठ्याने वाचला. मग म्हणाली, "वजा दहा." काय जातं तुझं, असं कुणी म्हणालं नाही. बाहेर खरवडण्याचा आवाज तेवढा येत होता. तिला खूप काही बोलायचं होतं. गाडीचं दार उघडं का ठेवलंस, इथपासून.

"सोड," ती म्हणाली.

टेप ढिली पडली. तिने हँडल फिरवायला घेतलं, आणि टेप परत येऊ लागली, एक वीत, दोन वीत. झालं, असं ती मनात म्हणत होती.

मग हँडल तिच्या हातात उलटं फिरू लागलं.

आधी सावकाश. तिला वाटलं, आपलाच हात घसरतोय. मग टेप धावायला लागली. काळे आकडे रिळावरून निघून भोकात शिरत होते, एकसारखे, न थांबता. पायऱ्यांचं अंतर गेलं. वेदीचं गेलं. गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीचा आकडा तिला पाठ होता, तो तिच्या बोटांखालून निघून गेला आणि टेप थांबली नाही. तिथे भिंत होती. भिंतीपलीकडे दफनभूमी, मग द्राक्षमळे, मग उतार. टेप कुणीतरी घेऊन चाललं होतं, ओळखीच्या, निवांत चालीने, शनिवारच्या.

रीळ रिकामं झालं. आतल्या आसाला जडवलेलं टेपचं शेवटचं टोक ताणलं गेलं. आधी ढिलाई निघाली. मग पलीकडून थोडं वजन आलं, खुर्चीत टेकावं तसं.

रीळ भोकाच्या कडेला जाऊन टेकलं होतं. तिने ते दोन्ही हातांनी दगडावर दाबून धरलं. कुणी सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं ते समोरून पाहिलं होतं. भिंतीशी टोक धरायचं, हलू द्यायचं नाही, आणि पलीकडचा वाचत असेल तोवर श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. भोकातला निळा उजेड स्वच्छ होता. त्याच्या मधोमध टेपची रेघ लांब जात होती, बारीक होत होत. तिच्या टोकाशी काय होतं, ते दिसत नव्हतं.

बाहेरचा खरवडण्याचा आवाज थांबला. किल्ल्यांसाठी फ्राऊ वेंडल दाराशी आल्या असाव्यात. पायरीवर पावलं वाजली आणि थांबली. खांबांवरची तिरीप सरकत वर गेली. मग मनोरमाबाई जवळ आल्या आणि सुनेच्या मनगटाला, त्या पांढऱ्या रेघेवर, हात लावला.

"आण इकडे," त्या म्हणाल्या. "मी धरते जरा. हात भरून आला असेल तुझा."

ऊर्मिलाने मान हलवली. हात खांद्यापर्यंत बधिर झाले होते, बोटं थरथरत होती. तिने कान भोकाशी नेला.

त्याने अजून 'सोड' म्हटलं नव्हतं.